हळदीचा डाग

(दृश्य: खळ्यातल्या दोरीवर वाळणारी दुपटी. एकावर पिवळा डाग. पुढच्या चित्रात तो फिका होतो, त्यापुढच्यात नाहीसा.)

हळदीचा डाग साबणाने घासला की लाल होतो. आणखी घासलात तर आणखी लाल. काढायचा उपाय एकच, दुपटं उन्हात टाकायचं आणि विसरून जायचं.

मी अ‍ॅनिमेशनवाली. कागद, रंग, प्रकाश यांवरच पोट भरते. पण ही गोष्ट मला कळली ती माहेरच्या खळ्यात, बाळंतपणाला आल्यावर, आईकडून.

(दृश्य: मिसळणाचा डबा. हळदीच्या वाटीत चमचा.)

हळदीतलं कुर्क्युमिन उन्हाने मोडतं, म्हणून रंग उडतो. साबणासारखा अल्कधर्मी पदार्थ लागला की तेच लालसर होतं. हळदीत चुना घालून कुंकू करतात ते याच गुणावर. म्हणजे फोटोचा कागद आणि तो खुलवायचं रसायन, दोन्हींची सोय घरातच होती. १८४२ मध्ये इंग्लिश शास्त्रज्ञ जॉन हर्शल यांनी फुलापानांच्या रसावर ऊन पाडून चित्रं काढली होती. या पद्धतीला अँथोटाइप म्हणतात. स्कॉटिश शास्त्रज्ञ मेरी समरव्हिल यांनीही असेच प्रयोग केले. पण बाईमाणसाला रॉयल सोसायटीचं, म्हणजे लंडनच्या शास्त्रज्ञांच्या संस्थेचं, सभासद होता येत नसे, म्हणून त्यांचं काम हर्शल यांना लिहिलेल्या पत्रातून तिथे पोचलं.

ही पद्धत पुढे मागे पडली. एकेका चित्राला तासन्‌तास लागतात, आणि चित्र पक्कं करता येत नाही. ज्या उन्हाने ते उमटतं, तेच ऊन ते पुसतं. कामधंद्याला कुचकामीच. माझ्या छोट्या अ‍ॅनिमेशन फिल्मला चालणार होतं.

(दृश्य: पाऊस. खिडकीच्या चौकटीत मातीचा छोटा बुधला.)

बाळ श्रावणातलं. कोकणात श्रावणात ऊन म्हणजे पाहुणा, बसायच्या आत उठतो. सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही. खोलीत शेक-शेगडीचा धूर, ओव्याचा वास, अळिवाची खीर, आणि येणाऱ्या प्रत्येकीचा एकच प्रश्न, दूध पुरतंय ना? कुणी मला विचारलं नाही की तू पुरतेयस ना.

त्या दिवसांत खिडकीत एका कुंभारीण माशीने घर बांधलं. चिखलाची एकेक गोळी आणून, तोंडाने थापून. आत अंडं घातलं, डंख मारून सुन्न केलेल्या हिरव्या अळ्या भरल्या, तोंड लिंपलं आणि गेली. परत आली नाही. पिल्लाचं तोंडही तिला दिसत नाही. रात्री तीनला, खांद्यावर रडणारं बाळ घेऊन मी त्या बुधल्याकडे बघायचे आणि खरं सांगते, मला तिचा हेवा वाटायचा.

(आणि हो, सुगरण. खोपा विणतो तो नर. आपण त्याला उगाच बाई करून ठेवलंय.)

(दृश्य: विहिरीचा जांभ्याचा कठडा. नेच्याचं वळलेलं कोंब, अगदी जवळून.)

विहिरीवरचा नेचा आई रोज खुडून आणायची. आज गुंडाळी घट्ट, परवा थोडी सैल. "भाजी करायचीय का याची?" तिने विचारलं. कालनिर्णयच्या जुन्या पानांत मी ती कोंबं दाबून ठेवली. नेच्याची गुंडाळी आणि बाळाची मूठ, हे साम्य इतकं समोर होतं की मी ते टाळणारच होते. पण मूठ रोज बघत होते. तळव्याला बोट लागलं की ती आपोआप मिटते. ही प्रतिक्षिप्त क्रिया पाच-सहा महिन्यांत ओसरते. मग टाळायचं तरी कशाला?

बाळ झोपलं की पेन्सिलीने हाताची कड काढायची आणि काळ्या कार्डपेपरमधून हात कापायचा. हळद पाण्यात नुसती गाळ होऊन बसते, म्हणून स्पिरिटमध्ये कालवून फडक्यातून गाळायची. हे काम बाळापासून लांब, मागच्या पडवीत. मग अंधारात कागदांना हळद, वर कोंब किंवा कापलेला हात, त्यावर फोटोफ्रेमची काच. नवरात्रात ऊन तापलं तेव्हा खळ्यात पापडांसारखे बारा कागद मांडले. दोन-अडीच तासांत मोकळी हळद पांढुरकी पडली, झाकलेली पिवळी राहिली. धुण्याच्या सोड्याचं पाणी ब्रशने फिरवलं आणि नेचा तांबडा होऊन उठला.

(दृश्य: बारा कागद, एकामागून एक. एक सेकंद.)

नवजात बाळ दिवसाचे सोळा-सतरा तास झोपतं असं पुस्तकात असतं. असेलही. पण ती झोप तुकड्यातुकड्यांनी येते, आणि कुठला तुकडा कधी तुटेल याचा नेम नसतो. सलग दोन तास लागणारं कुठलंच काम मला जमत नव्हतं. हे जमलं. दोन तास उन्हाचे होते, माझी फक्त काच ठेवायची पाच मिनिटं आणि काच उचलायची पाच. एकामागून एक कॅमेऱ्यात घेतले की बारा कागदांचा एक सेकंद. दिवसाला एक सेकंद.

प्रयोगशील सिनेमात बाळंतपण आलेलं आहे. अमेरिकन सिनेकार स्टॅन ब्राखाज यांनी १९५९ च्या फिल्ममध्ये स्वतःच्या मुलीचा जन्म दाखवला, आणि १९६३ मध्ये पतंगांचे पंख आणि गवतपानं पारदर्शक पट्टीत दाबून कॅमेऱ्याशिवाय फिल्म केली. दोन्ही मी कॉलेजात पाहिल्या, भारावले. आता वाटतं, जन्माच्या त्या फिल्ममध्ये कॅमेरा बहुतेक वेळ बापाच्या हातात आहे. त्याचे हात मोकळे होते.

(दृश्य: फिल्म सलग. पार्श्वभूमीचा पिवळा रंग उकळल्यासारखा हलतो.)

प्रत्येक कागदावर हळद वेगळी बसते, म्हणून पार्श्वभूमी थरथरते. आम्ही याला 'बॉइल' म्हणतो. एरवी मी ते संगणकावर साफ केलं असतं. एका कागदावर दुधाचा थेंब पडलाय, तिथे पांढरा ठिपका लुकलुकतो. मध्ये पाच दिवस बाळाला ताप होता, तिथे मूठ एकदम उडी मारून मोठी होते. तेही तसंच ठेवलंय.

पौषात काम थांबवलं. ८६४ कागद. एक मिनिट बारा सेकंद.

(दृश्य: खिडकी. काचेला चिकटवलेला एक कागद.)

यातला पहिला कागद पाचवीचा. सटवाई रात्री येऊन बाळाचं नशीब लिहिते, म्हणून आईने पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं. सकाळी कागद कोराच. मी तो मागितला. आई आधी नको म्हणाली. मग म्हणाली, "हळदच लावतेयस ना? लाव."

सोड्याची युक्ती तेव्हा सुचली नव्हती. नुसत्या हळदीवर उठलेला हात होता तो. कॅमेऱ्यात घेतला आणि खिडकीला लावला. परवा बाळ त्या खिडकीत उभं राहून काचेवर थापा मारत होतं तेव्हा लक्ष गेलं, कागदावर काही नाही. फक्त गजाची सावली पडते तिथे बोटभर पिवळं आहे.