डायलच्या मागे

[दृश्य: पांढऱ्या डायलचं चावीचं घड्याळ. कॅमेरा सेकंदकाट्यावर स्थिर.]

हा सेकंदकाटा नीट बघा. बॅटरीवर चालणाऱ्या क्वार्ट्झच्या घड्याळात काटा सेकंदाला एक उडी मारतो आणि थांबतो. इथे तो सरकत चाललाय असं वाटतं. खरं तर तोही उड्याच मारतोय, पण एका सेकंदात पाच. तासाला 18,000, दिवसाला 4,32,000. आत बॅटरी नाही. सकाळी चावी देताना अंगठा आणि तर्जनीने जी ताकद लावली, तीच हे घड्याळ दिवसभर पुरवून पुरवून वापरतं.

हे एचएमटीचं 'जनता'. 17 ज्वेल, ना तारीख, ना वार. चावीच्या घड्याळांचा संग्रह कुठून सुरू करावा असं कोणी विचारलं, तर माझं उत्तर हेच आहे. ते आवाक्यातलं आहे हे एक कारण. पण महत्त्वाचं कारण असं, की लाखो रुपयांच्या स्विस घड्याळात वेळ ज्या तत्त्वावर मोजली जाते, तेच तत्त्व इथेही आहे. यंत्र वाचायला शिकायचं असेल, तर जनता पुरेसं आहे.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. कारखान्यातली लांब टेबलं, भिंग लावलेल्या कामगार स्त्रिया.]

एचएमटी, म्हणजे हिंदुस्थान मशीन टूल्स, ही बंगळूरची सरकारी कंपनी 1953 सालची. तिचं मूळ काम यंत्रं बनवणारी यंत्रं तयार करण्याचं. 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने तिथे मनगटी घड्याळं बनू लागली आणि पहिली घड्याळं पंडित नेहरूंच्या हस्ते देशाला मिळाली. तोवर चांगलं घड्याळ म्हणजे विलायती, हे ठरलेलंच होतं. स्वित्झर्लंडची फेवर ल्युबा 1865 पासून हिंदुस्थानच्या बाजारात होती. तिची सी किंग, सी चीफ ही घड्याळं आजही अनेक घरांच्या कपाटांत सापडतात. वेस्ट एंड कंपनीची घड्याळं फौजेत आणि रेल्वेत चालली. एचएमटीने मात्र घड्याळ शिक्षकाच्या, कारकुनाच्या, गिरणी कामगाराच्या मनगटावर आणलं. मॅट्रिक झाल्यावर, पहिल्या पगारात, लग्नात मिळालेलं, आणि एकदा हातात आलं की तीस-चाळीस वर्षं निघायचं नाही.

जनता, पायलट, सोना, कोहिनूर, रजत, कांचन... नावंही आपल्या भाषांतली. देवनागरी अंकांचं जनता निघालं. दृष्टिहीनांसाठी काच उघडून उठावाच्या ठिपक्यांवर बोट फिरवायचं ब्रेल घड्याळही निघालं. मला एचएमटीच्या साऱ्या उत्पादनात हे ब्रेल घड्याळ सर्वांत मोलाचं वाटतं. एका सरकारी कारखान्याने, वेळ कोणाकोणाला लागते, याचा विचार केला होता.

[दृश्य: मागचं झाकण उघडतं. बॅलन्स व्हील हलताना, अगदी जवळून.]

आता आत बघू.

सगळ्यात जास्त हलतंय ते चाक म्हणजे बॅलन्स. त्याच्या मध्याशी केसासारखी बारीक, गोल गुंडाळलेली स्प्रिंग आहे. घड्याळजी तिला बालकमानी म्हणतात. चाक एका बाजूला फिरलं की कमानी त्याला परत ओढते, दुसऱ्या बाजूला गेलं की पुन्हा ओढते. प्रत्येक फेरीला लागणारा वेळ जवळजवळ सारखा. ही कल्पना 1675 मध्ये डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांनी घड्याळात आणली, आणि खिशातलं घड्याळ पहिल्यांदा विश्वासाचं झालं.

पण नुसतं चाक हलत राहिलं तर थोड्याच वेळात थांबेल. झोपाळ्यावरच्या मुलाला नेमक्या क्षणी हलका धक्का द्यावा लागतो, तसा धक्का इथे द्यायचं काम लिव्हर करतो. मोठ्या स्प्रिंगची ताकद दातेरी चाकांमधून त्याच्यापर्यंत येते. लिव्हर एक दात सोडतो, बॅलन्सला धक्का देतो आणि लगेच पुढचा दात अडवतो. दात लिव्हरच्या खड्यावर आपटतो, त्याचा आवाज म्हणजे टिक. टिकटिक हा चाकांना सतत थांबवण्याचा आवाज आहे. हे कळल्यापासून मला प्रत्येक घड्याळ कानाला लावल्याशिवाय राहवत नाही.

आणि हे 17 ज्वेल? दागिन्याशी त्यांचा संबंध नाही. धातूचा आस धातूच्या भोकात फिरला तर झिजतो, म्हणून तिथे कृत्रिम माणकाचे खडे बसवतात. 1704 मध्ये लंडनमध्ये खड्यांना भोक पाडण्याच्या या युक्तीचं पेटंट घेतलं गेलं. सर्वसाधारण 17 ज्वेलच्या यंत्रात बॅलन्सला चार, लिव्हरच्या टोकांना दोन, त्याचा धक्का घेणारा एक, आणि उरलेले दहा लिव्हरच्या आसाला व चार चाकांना. साध्या तीन काट्यांच्या घड्याळाला एवढे पुरतात. डायलवर 25 किंवा 30 आकडा दिसला म्हणून घड्याळ आपोआप चांगलं ठरत नाही.

आता अचूकतेबद्दल. 25 डिसेंबर 1969 ला टोकियोत सायकोने ॲस्ट्रॉन हे क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणलं, आणि या शर्यतीचा निकाल लागला. आज साधं स्वस्त क्वार्ट्झही महिन्याला पंधरा-वीस सेकंदांच्या आत राहतं. स्वित्झर्लंडच्या क्रोनोमीटर प्रमाणपत्रासाठी चावीच्या घड्याळाला दिवसाला सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी मुभा असते. जुनं जनता दिवसाला तीस सेकंद चुकलं तरी मी समाधानी असतो. दिवसाचे सेकंद 86,400. त्यांतले तीस, म्हणजे 2,880 मध्ये एक. नुसत्या स्प्रिंगच्या आणि दातेरी चाकांच्या जोरावर, उन्हात, घामात, हात हलत असताना.

[दृश्य: बाजारातला पट. लाल, हिरव्या, निळ्या डायलची एकाच आकाराची घड्याळं.]

संग्राहकाची खरी परीक्षा मात्र डायलपाशी होते.

ही बघा रांग. पायलट, चकचकीत. लाल, पिवळं, आकाशी. भारतातून विकल्या जाणाऱ्या अशा रंगवलेल्या घड्याळांना परदेशी संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. आपल्या शहराचं नाव असं पुढे यावं याचं मला वाईट वाटतं. पण या रंगकामामागे एक साधी गरज होती. आपल्याकडचा पावसाळा, दमट हवा, घाम. चावीच्या फटीतून ओल आत जायची, डायलवर डाग पडायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, नव्यासारखं करून द्या. कारागीर जुना रंग खरवडून नवा द्यायचा, नाव पुन्हा छापायचा. घालणाऱ्याला वेळ दिसायची, दोघंही खूश. ते प्रामाणिक काम होतं. फसवणूक सुरू होते ती हेच घड्याळ 'मूळ, न वापरलेलं' म्हणून विकताना.

ओळखायचं कसं? भिंग घ्या. कारखान्यातली छपाई धारदार असते. पुन्हा छापलेल्या अक्षरांच्या कडा फुगतात, नावातली अक्षरं कमी-जास्त जाडीची होतात. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळतात का, पाहा. काट्यांवरचा चमकणारा लेप पिवळा पडलाय आणि डायलवरचा मात्र पांढराशुभ्र, तर दोन्ही एका वयाचे नाहीत. स्विस घड्याळात सहाच्या खाली काठाला बारीक 'स्विस' लिहिलेलं असतं. रंगकामात ते बऱ्याचदा पुसलं जातं. आणि 1960 च्या आधीच्या घड्याळात अंधारात चमकणारा लेप रेडियमचा असू शकतो. चमक गेली तरी किरणोत्सर्ग उरतो. अशा घड्याळाची काच हौसेने उघडू नका, लेप खरवडू तर मुळीच नका.

माझं मत स्पष्ट आहे. डाग पडलेलं, कडेला तपकिरी झालेलं मूळ डायल हे कितीही सुबक रंगवलेल्या डायलपेक्षा मोलाचं. मूळ छपाई एकदा खरवडली, की ती परत आणता येत नाही.

[दृश्य: घड्याळजीचं टेबल. टाइमग्राफरच्या पडद्यावर दोन समांतर ओळी.]

बाहेरून घड्याळ पटलं, तर दुकानात हे यंत्र आहे का विचारा. टाइमग्राफर. तो घड्याळाची टिकटिक ऐकतो आणि दिवसाला किती मागे-पुढे, हे सांगतो. त्याहून महत्त्वाचा आकडा बॅलन्सच्या झोक्याचा. पूर्ण चावी दिल्यावर, घड्याळ आडवं ठेवून, तो 260 ते 300 अंशांच्या आसपास असेल तर प्रकृती उत्तम. 200 च्या खाली घसरला असेल तर बहुधा तेल सुकलंय. घड्याळ अचानक दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळायला लागलं तर घाबरू नका. मोबाइलच्या कव्हरमधल्या किंवा स्पीकरमधल्या चुंबकाने बालकमानीचे वेढे चिकटले असतील. ते चुंबकत्व काढणं काही सेकंदांचं काम.

चावी रोज साधारण एकाच वेळी द्या, अडलं की थांबा. पाण्यापासून लांब ठेवा. चार-पाच वर्षांनी सर्व्हिसिंग, चालत असलं तरी. सुकलेल्या तेलावर चालणारं घड्याळ लगेच बंद पडत नाही, आतल्या आत झिजतं.

जानेवारी 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. आता सुटे भाग मुख्यतः दुसऱ्या, बंद पडलेल्या घड्याळांतून निघतात. म्हणून घरात मोडकं एचएमटी असेल तर भंगारात देऊ नका. त्याच्या बॅलन्सवर दुसरं एखादं चालेल. आणि दुरुस्तीला दिलंत, तर उघडलेल्या यंत्राचा फोटो काढून घ्या, काय बदललं ते तारखेसह लिहून घ्या, आणि काढलेला जुना काटा, जुनी चावी, जुनं डायल परत मागून घ्या. लहान पुडीत, त्याच घड्याळासोबत ठेवा.