परोर्गिझो : बापांना दिलेली ताकीद

(पडद्यावर : पपायरसचं जुनं पान, काळ्या शाईच्या ग्रीक ओळी)

हे हस्तलिखित सुमारे १८०० वर्षांपूर्वीचं. अभ्यासक त्याला 'पी ४६' म्हणतात. बायबलमध्ये येशूचा प्रेषित पौल याच्या नावे जी पत्रं आहेत, त्यांचा हा संग्रह आज विभागलेला आहे : काही पानं डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात, काही अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात. त्यात इफिसकरांस, म्हणजे इफिस शहरातल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलेल्या पत्राचा सहावा अध्याय आहे आणि चौथ्या वचनात बापांसाठी एक क्रियापद आहे, परोर्गिझो. समोरच्याच्या मनात राग पेटेल असं वागणं, त्याला संतापाला प्रवृत्त करणं. बापांनो, मुलांशी असं वागू नका. आज्ञार्थाचं रूपही असं, की रोख एखाद्या दिवशीच्या चिडचिडीवर नाही, रोजच्या वागण्यावर आहे.

नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागात, हे क्रियापद दोनदाच येतं. पण पत्र ऐकणाऱ्यांच्या कानाला ते परकं नव्हतं. हिब्रू शास्त्राच्या जुन्या ग्रीक भाषांतरात, सेप्टुआजिंटमध्ये, ते वारंवार भेटतं. यराबाम राजानं सोन्याची वासरं उभी केली, इस्राएलाला पाप करायला लावलं आणि परमेश्वराला संतप्त केलं. पुढच्या राजांच्या हकिकतींतही तेच. बहुतेक वेळा डिवचणारा माणूस असतो आणि संतापणारा साक्षात देव.

इफिसकरांच्या पत्रात देवाच्या त्या जागी घरातलं लेकरू आहे. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. लेकराच्या रागाला इथे किंमत आहे, आणि त्याचा जाब बापाला विचारला जातोय.

(पडद्यावर : इजिप्तच्या वाळूत सापडलेलं पत्र)

तो काळ कसा होता? रोमन कायद्यानं कुटुंबप्रमुखाला मुलांच्या जगण्यामरण्याचा अधिकार दिलेला होता. इसवी सनापूर्वी १ या वर्षी हिलारियोन नावाचा माणूस आलेक्झांड्रियाहून आपल्या बायकोला, आलिसला, पत्र लिहितो. काळजी करू नकोस, पगार हातात आला की लगेच पाठवतो, बाळाकडे लक्ष दे, अशी तो विनवणी करतो. त्याच पत्रात लिहितो, तुला मुलगा झाला तर राहू दे, मुलगी झाली तर टाकून दे. आणि पुढे, मी तुला कसा विसरेन? हे पत्र ऑक्सिरिंकसला सापडलं. लिहिणारा क्रूर माणूस वाटत नाही. त्याच्या जगात हे बोलणं इतकं सहज होतं.

मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावं, हे त्या काळी कुणीही सांगितलं असतं. इफिसकरांचं पत्रही आधी तेच सांगतं. मग मात्र ते बापाकडे वळतं. याच संग्रहातल्या कलस्सैकरांस पत्रात हीच ताकीद एरेथिझो या दुसऱ्या क्रियापदानं दिली आहे आणि कारणही सांगितलंय : मुलं खचून जाऊ नयेत. रोज टोचून बोलणं, काही केलं तरी चूकच काढणं, यानं पोर आधी चिडतं, मग गप्प होतं. ते गप्प होणं बापाला बहुधा आज्ञाधारकपणा वाटतं.

(पडद्यावर : केडगाव, मुक्ती मिशन)

पंडिता रमाबाईंनी इथे हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून आपल्या पत्नीला संस्कृत शिकवलं होतं. त्याच घरात रमाबाई शास्त्रं शिकत वाढल्या. १९२२ साली त्या वारल्या. त्यांचं भाषांतर १९२४ साली छापून निघालं.

इफिसकरांच्या त्या चौथ्या वचनात ताकिदीनंतर 'तर' म्हणून पुढे येणारं क्रियापद आहे एक्ट्रेफो, खाऊपिऊ घालून वाढवणं. माणूस स्वतःच्या शरीराला कसा पोसतो, हे सांगायला आदल्या अध्यायात हेच क्रियापद वापरलंय. शिस्त आणि बोध हे शब्द त्याच्यानंतर येतात.