एकच औषध, दोन निकाल

मघाशी चहाच्या वेळी एका काकांनी विचारलं, "डॉक्टर, फॅटी लिव्हर असलं की पुढे अल्झायमर होतो म्हणे?" असले मेसेज रोज फिरतात, त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. सरळ तसं काही होत नाही. पण दोघांचं काही गोत्र एक आहे: मधुमेह, रक्तदाब, सुटलेलं पोट, इन्सुलिनला दाद न देणाऱ्या पेशी. यावरूनच अल्झायमरला 'टाइप थ्री डायबेटिस' म्हणायची टूम निघाली. मला ते नाव कधीच पटलं नाही.

2025 मध्ये काय झालं बघा. सेमाग्लुटाइड हे मधुमेहाचं आणि वजन उतरवणारं औषध. ऑगस्टमध्ये अमेरिकेत त्याच्या इंजेक्शनला फॅटी लिव्हरसाठी मंजुरी मिळाली. अर्थात सरसकट नाही. यकृताला सूज आहे, व्रण पडलेत, पण सिरोसिस, म्हणजे व्रणांनी यकृत पार कडक होणं, अजून नाही, अशांसाठी. नोव्हेंबरमध्ये त्याच औषधाच्या गोळीचे अल्झायमरच्या दोन मोठ्या चाचण्यांमधले निकाल आले. आजाराची चाल काही मंदावली नाही.

यकृत फार सोशिक. निम्म्याहून जास्त कापून दान केलं तरी काही महिन्यांत भरून येतं. वजन सात ते दहा टक्के उतरवलं, तर चरबीच काय, बऱ्याच जणांची सूजही ओसरते. मेंदूचं तसं नाही. अमायलॉइड नावाचं प्रथिन मेंदूत साचायला लागतं ते विसरभोळेपणा दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधी, आणि गेलेल्या पेशी परत येत नाहीत. लेकानेमॅबसारखी नवी औषधं अमायलॉइड काढतात, तरी घसरण फक्त थोडी हळू होते.

शिवाय मेंदू आपला संसार वेगळा ठेवतो. अल्झायमरशी ज्याचं नाव जोडलंय ते एपीओई प्रथिन रक्तात येतं ते मुख्यतः यकृतातून. यकृत बदललं की रक्तात दात्याच्या प्रकारचं एपीओई दिसतं; मेंदूभोवती आणि पाठीच्या कण्यात असणाऱ्या पाण्यात मात्र रुग्णाचं मूळचंच!

आता एक गल्लत, जी घरोघरी होते. सिरोसिसचे आजोबा अचानक असंबद्ध बोलायला लागतात, दिवसा झोपतात, रात्री जागतात. घरचे म्हणतात, वय झालं, अल्झायमर असेल. त्यांना दोन्ही हात पुढे करून, ट्रॅफिक पोलीस गाडी थांबवतो तसे पंजे उभे धरायला सांगा. पंजे मधूनच झटका बसल्यासारखे खाली पडत असतील, तर शंका यकृताची घ्या. आतड्यातला अमोनिया यकृताने गाळला नाही की तो मेंदूपर्यंत पोचतो. अल्झायमर वर्षानुवर्षं सरकतो. हे दोन दिवसांत चढतं. लॅक्टुलोजचं साधं सिरप, पोट साफ आणि मुळाशी असलेल्या जंतुसंसर्गावर किंवा रक्तस्रावावर उपचार, एवढ्याने बरेच आजोबा काही दिवसांत नातवंडांना नावाने हाक मारतात. मात्र दवाखान्यात लगेच न्यायचं. आणि रात्री जागतात म्हणून घरातली झोपेची गोळी द्यायची नाही, तिने गुंगी आणखी वाढते.