वाचून दाखवा, समजावून सांगा

(जुनं कृष्णधवल चित्रण : भरलेलं सभागृह, कानाला हेडफोन लावलेले प्रतिनिधी)

पॅरिसमधलं पॅले द शायो. १० डिसेंबर १९४८ ची रात्र. मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यावर संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचं मतदान झालं. बाजूने ४८ मतं, विरोधात एकही नाही. आठ देश तटस्थ राहिले : सोव्हिएत संघासह पूर्व युरोपातले सहा, सौदी अरेबिया आणि दक्षिण आफ्रिका.

(समितीची बैठक, कागदांचे गठ्ठे)

हा मसुदा एका माणसाने एका खोलीत बसून लिहिलेला नाही. पहिला आराखडा कॅनडाच्या जॉन हम्फ्री यांचा. त्याला आकार दिला फ्रान्सच्या रने कासँ यांनी. अध्यक्षस्थानी अमेरिकेच्या एलिनॉर रूझवेल्ट. मसुदा तयार करणाऱ्या मानवी हक्क आयोगावर भारताकडून हंसा मेहता होत्या. चीनचे पी. सी. चांग आणि लेबनॉनचे चार्ल्स मलिक यांच्यात माणूस म्हणजे नेमकं काय, यावरच खडाजंगी व्हायची. हक्क देवाने दिले की निसर्गाने, हे जाहीरनाम्यात लिहू नये, असा चांग यांचा आग्रह होता. तो मान्य झाला, म्हणूनच आस्तिक आणि नास्तिक, दोघांनाही हा मजकूर आपला म्हणता येतो.

मग मसुदा आला आमसभेच्या तिसऱ्या, म्हणजे सामाजिक आणि मानवी प्रश्न पाहणाऱ्या समितीपुढे. एक्क्याऐंशी बैठका झाल्या. शब्दाशब्दावर वाद झाले. पाकिस्तानच्या शाइस्ता इक्रामुल्ला विवाहात स्त्री-पुरुषांना समान हक्क देणाऱ्या कलमाच्या बाजूने ठाम उभ्या राहिल्या. बालविवाह आणि बळजबरीची लग्नं थांबवण्याचा रस्ता त्यांना त्यात दिसत होता.

(लक्ष्मी मेनन यांचं छायाचित्र)

आणि या भारताच्या लक्ष्मी मेनन. ‘मानवी हक्क हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे’ असं आजही ऐकू येतं. त्यात एक गोष्ट खरी आहे : आफ्रिकेचा बहुतेक भाग त्या सभागृहात नव्हताच, तो परक्यांच्या ताब्यात होता. मेनन बोलल्या त्या याच मुद्द्यावर. स्त्रिया आणि वसाहतींमधली माणसं यांचा स्पष्ट उल्लेख केला नाही, तर ‘प्रत्येकजण’ म्हणताना त्यांना कुणी मोजणार नाही, असं त्यांनी बजावलं. दुसरं कलम वाचा. एखादा प्रदेश स्वतंत्र असो वा दुसऱ्याच्या सत्तेखाली, तिथल्या माणसाच्या हक्कांत फरक करायचा नाही, असं तिथे लिहिलेलं आहे. हक्क सगळ्यांचे असावेत, ही मागणी सर्वांत जोरात केली ती ज्यांना ते नाकारले जात होते त्यांनी.

(छायाचित्र : रूझवेल्ट यांच्या हातात जाहीरनाम्याची मोठी प्रत, १९४९)

हे छायाचित्र तुम्ही पाहिलं असेल. त्यांच्या हातातली प्रत स्पॅनिशमध्ये आहे. ती अशी उंच धरून दाखवण्यामागे कारण होतं. जाहीरनाम्यासोबतच आमसभेने आणखी एक ठराव केला होता : हा मजकूर सर्वत्र पोहोचवा, भिंतीवर लावा, आणि मुख्यतः शाळांमधून वाचून दाखवा, समजावून सांगा. देश स्वतंत्र आहे की नाही, हे न पाहता. या दुसऱ्या ठरावाबद्दल फार कमी बोललं जातं, आणि आमच्या मते तिथेच घोडं अडलं आहे. आपल्याला हक्क आहे हेच ज्याला कुणी सांगितलं नाही, तो दाद मागायला जाणार कुठे?

जाहीरनाम्यातले हक्क देशांवर बंधनकारक करणारे दोन आंतरराष्ट्रीय करार १९६६ मध्ये झाले, १९७६ पासून ते लागू झाले, आणि अनेक राज्यघटनांत हे हक्क उतरले.

(वर्ग : टेबलावर तीस कार्डं, मुलं वाकून बघतायत)

इथे प्रत्येक कार्डावर जाहीरनाम्याचं एक कलम आहे. शिक्षिकेने मुलांना सांगितलंय : दहाच ठेवा, बाकीची बाजूला काढा. ‘विश्रांती’ लगेच निघाली. मग कुणीतरी विचारलं, दिवसभर राबणाऱ्याने शिकायचं कधी? कार्ड परत आलं. एक कार्ड उचललं की दुसरं डळमळतं, हे कुणीही न सांगता त्यांच्या लक्षात आलं. ‘हक्क अविभाज्य आहेत’ असं १९९३ च्या व्हिएन्नातल्या जागतिक मानवी हक्क परिषदेत १७१ देशांनी म्हटलं होतं.

(मुलांचा मूळ आवाज, निवेदन नाही)

२०११ मध्ये आमसभेने मानवी हक्क शिक्षणाचा वेगळा जाहीरनामा मंजूर केला. हक्कांची माहिती द्यायची, आणि ती देताना शिकणाऱ्याचा मानही राखायचा, असं तो सांगतो. या वर्गात शिक्षिका मुलांसोबत जमिनीवर बसल्या आहेत.

मूळ जाहीरनामा पाचशेहून अधिक भाषांत उपलब्ध आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो. मोठ्याने वाचायला अर्धा तास पुरतो. आपल्या भाषेतली प्रत उतरवून घ्या आणि ज्यांना वाचता येत नाही अशांना बोलावून वाचून दाखवा.