संध्याकाळपर्यंत लागेल ते खांद्यावर

श्रोतेहो, नमस्कार.

क्रूझचं बुकिंग झालं की पुण्यातल्या घरात पहिली खरेदी होते ती बॅगेची. लक्ष्मी रोडवरून भली थोरली, चार चाकांची, टणक कवचाची बॅग घरी येते आणि आणलीच आहे म्हणून गच्च भरली जाते. मला मात्र आज तिच्या शेजारी ठेवलेल्या लहान बॅगेबद्दल जास्त बोलायचं आहे. क्रूझच्या पहिल्या दिवशी तुमच्याजवळ असते ती लहान बॅगच.

विमानतळावर आपण बॅग देतो आणि उतरल्यावर पट्ट्यावरून उचलतो. बोटीचा रिवाज निराळा. दुपारी बारा-एकच्या सुमाराला तुम्ही बंदरावर पोचता. दारातच हमाल मोठी बॅग ताब्यात घेतो. ती एक्स-रेमधून जाते, ट्रॉलीवर चढते, बोटीत शिरते, मजल्यामजल्यावर वाटली जाते आणि तुमच्या केबिनच्या दाराशी येते ती संध्याकाळी पाचला, सहाला, कधी कधी जेवणं झाल्यावर. दोन-तीन हजार प्रवासी, प्रत्येकाची एखादी तरी बॅग, आणि वाटणारे हात मोजके. म्हणून आजचं सूत्र एवढंच: संध्याकाळपर्यंत जे लागेल ते खांद्यावर. मी ते पुन्हापुन्हा सांगणार आहे, कारण आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने नेमकं उलटं केलं होतं.

कोथरूडचे काका-काकू. काका निवृत्त, काकू घरात सगळ्यांना पुरून उरणाऱ्या. लेकीने लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला सिंगापूरहून सुटणारी चार रात्रींची क्रूझ भेट दिली. काकूंनी बॅग भरली ती पद्धतशीर. तळाला कपडे, मध्ये औषधांचा डबा, वर फराळ. काका म्हणाले, खांद्याला ओझं नको, सगळं एकाच बॅगेत टाकू. बोटीवर चढताना दोघांकडे मिळून काय, तर पासपोर्टचं पाकीट आणि काकूंची पर्स.

चार वाजता शेजारच्या केबिनची बॅग आली. सहाला समोरच्यांची आली. सात वाजले तरी यांचा दरवाजा मोकळाच. काकांची रक्तदाबाची गोळी रात्री आठची, आणि ती बॅगेत. काकूंचा गुडघ्याचा पट्टा बॅगेत. पुण्याहून मुंबई, मुंबईहून विमान, असे अंगावर राहिलेले कपडे तेच. शेवटी काका रिसेप्शनवर गेले. तिथल्या मुलीने नंबर बघितला, गोड हसली आणि म्हणाली, तुम्हाला खाली दोन नंबरच्या डेकवर बोलावलंय.

दोन नंबरचा डेक म्हणजे बोटीचं तळघरच. एक लांबट खोली, जमिनीवर पंधरा-वीस बॅगा ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर लाल चिकटपट्टी. ज्यांच्या बॅगेत एक्स-रेवर काही खटकलं, त्यांना इथे बोलावतात आणि त्यांच्यासमोरच बॅग उघडतात. काका-काकूंचा नंबर आला. अधिकारी फिलिपिनो, अत्यंत नम्र. त्याने चेन ओढली आणि एकेक वस्तू टेबलावर मांडायला सुरुवात केली.

आधी निघाली विजेची छोटी किटली. मग प्रवासातली इस्त्री. मग स्पाइक गार्डची पट्टी, चार भोकांची. मग एका पिशवीत निरांजन, फुलवाती, कापूर, उदबत्तीचा पुडा आणि काडेपेटी. काका म्हणाले, ही किटली आम्ही घरी पंचवीस वर्षं वापरतोय, कधी काही झालं नाही. अधिकारी म्हणाला, सर, घरी आग लागली तर तुम्ही रस्त्यावर पळू शकता. काकांना पुढे बोलता आलं नाही, आणि काका गप्प बसले हीसुद्धा घरात सांगण्यासारखी घटना आहे.

गंमत पुढेच आहे. बॅगेच्या कप्प्यातून त्याने एक पितळी वस्तू काढली. उलटी केली, सुलटी केली, उघडली, मिटली. धार बघून दचकला. दुसऱ्या अधिकाऱ्याला बोलावलं. दोघांनी मिळून बघितलं. अडकित्ता! काकूंच्या सासूबाईंचा, मोराच्या आकाराचा. हे शस्त्र आहे का, असं त्याने विचारल्यावर काकूंनी पर्समधून सुपारी काढली आणि टेबलावरच कातरून दाखवली, तीही बारीक, एकसारखी. मागे रांगेत उभे असलेले लोक टाळ्या वाजवायला लागले. अधिकाऱ्याने पावती केली. त्याच्या यादीत अडकित्ता हा शब्द कुठून असणार? त्याने लिहिलं, ‘कात्री, पितळी, एक’. परत केव्हा मिळेल? उतरायच्या दिवशी, ही पावती दाखवून.

शेवटी आला डबा. बेसनाचे लाडू, घरचे, मोजून बावीस. अधिकारी म्हणाला, कंपनीचं सीलबंद पाकीट असतं तर चाललं असतं. घरी शिजवलेलं बोटीवर नेता येत नाही, टाकून द्यावं लागेल. टाकून? काकूंनी डब्याचं झाकण उघडलं आणि मागे वळल्या. रांगेत सुरतचं एक कुटुंब होतं, किटलीवरूनच अडकलेलं. चेन्नईचे दोघे होते, त्यांची इस्त्री धरली होती. एक ऑस्ट्रेलियन आजी होत्या, सुगंधी मेणबत्त्या घेऊन आलेल्या. काकूंनी प्रत्येकाच्या हातावर लाडू ठेवायला सुरुवात केली. दहा मिनिटांत डबा रिकामा. अधिकाऱ्याने दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतला. नियम मोडला नाही, लाडूही वाया गेले नाहीत. काकांची गोळी मात्र आठऐवजी पावणेनऊला पोटात गेली, आणि जेवणाची त्यांची पाळी हुकली.

तर श्रोतेहो, या एका टेबलावर तुमची निम्मी यादी तयार झाली. काय न्यायचं नाही: किटली, इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, मेणबत्ती, उदबत्ती, कापूर. उष्णता निर्माण करणारं किंवा ज्योत लागणारं काहीही नाही, कारण समुद्रात अग्निशमन दलाचा बंब येत नाही. लांब पात्याच्या सुऱ्या नाहीत. साधारण दहा सेंटिमीटरच्या वर पातं गेलं की अडवतात, पण कंपनीगणिक फरक असतो. तिकिटासोबत येणारी मनाई यादी एकदा वाचाच.

स्पाइक गार्डचं कारण थोडक्यात सांगतो, कारण ते लोकांना पटत नाही. आपल्या घरी येणाऱ्या विजेची न्यूट्रलची तार ट्रान्सफॉर्मरपाशी अर्थला, म्हणजे जमिनीला, जोडलेली असते. बऱ्याच बोटींवर तशी नसते. बोटीच्या पोलादी सांगाड्याच्या तुलनेत दोन्ही तारांत विजेचा दाब असतो. सर्जपासून, म्हणजे विजेच्या अचानक उसळीपासून, वाचवणारा पट्टीतला भाग तार आणि अर्थ यांच्यामध्ये बसवलेला असतो. कुठे बिघाड होऊन एक तार सांगाड्याला टेकली की दुसऱ्या बाजूच्या त्या भागावर जास्तीचा दाब येतो, तो तापतो आणि पेटू शकतो. म्हणजे रक्षण करणारी पट्टीच आग लावते. तेव्हा काय न्यायचं? चार यूएसबी तोंडांचा एक साधा चार्जर. केबिनमध्ये बहुधा दोन गोल पिनांचं युरोपीय आणि दोन चपट्या पिनांचं अमेरिकन सॉकेट असतं. आपले मोबाइलचे दोन गोल पिनांचे चार्जर युरोपीय सॉकेटात बसतात, लॅपटॉपची तीन पिनांची वायर बसत नाही. तेवढ्यासाठी एक अडॅप्टर. पॉवर बँक विमानात फक्त हातातल्या बॅगेत, आणि मर्यादा 100 वॅट-अवर; 20,000 एमएएचची बँक 74 वॅट-अवर भरते, ती चालते.

किटली नाही म्हणून चहाची काळजी नको. बहुतेक बोटींच्या बुफेत दिवसभर गरम पाणी मिळतं. अर्ध्या लिटरचा थर्मास आणि सीलबंद चहाची पाकिटं न्या.

इस्त्री नाही, याचा परिणाम सरळ कपड्यांवर होतो. पैठणी घरी राहू द्या. क्रेप, जॉर्जेट, शिफॉन. घडी मोडली तरी दिसत नाही. सुती कुर्ता न्यायचाच असेल तर अंघोळीच्या वेळी बाथरूममध्ये हँगरवर टांगा, पंधरा मिनिटांच्या वाफेने बऱ्याच सुरकुत्या जातात. चार रात्रींना माणशी दिवसाचे तीन कपडे, संध्याकाळचे दोन, अंतर्वस्त्रांचे पाच जोड. रात्री मुख्य डायनिंग हॉलमध्ये बर्म्युडा आणि बनियन घालून सोडत नाहीत, तेव्हा पुरुषांनी एक फुल पँट आणि कॉलरचा शर्ट ठेवावा. चपला-बूट मिळून दोन जोड, एकाला रबरी तळ हवा, कारण डेक ओला असतो. टोपीला गळ्याखाली बांधायची दोरी हवी, नाहीतर ती अरबी समुद्राला अर्पण. आणि शाल! आत एसी इतका गार असतो की पुण्याचा डिसेंबर बरा. टॉवेल मात्र नेऊ नका, बोटीवर ढिगाने असतात.

केबिनच्या भिंती पोलादी असतात. तुळशीबागेत मिळणारे चुंबकाचे हुक चार न्या; ओले पोहण्याचे कपडे, टोपी, पर्स, सगळं भिंतीवर चिकटतं. बॅग पलंगाखाली सरकली पाहिजे, म्हणून माणशी 24 इंचीपेक्षा मोठी नको, आणि शक्यतो मऊ. आणि काळी तर नकोच. जगातल्या सगळ्या बॅगा काळ्या का असतात हे मला आजवर समजलेलं नाही. असलीच तर हँडलला साडीच्या फॉलची रंगीत पट्टी बांधा.

मुंबईहून सुटणारी बोट असेल तर बॅलार्ड पियरला जायचं असतं, सीएसएमटीहून जेमतेम दीड किलोमीटर. डेक्कन क्वीन पुण्याहून सव्वासातला सुटते, साडेदहाच्या आत पोचवते. शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या घाटात गाडी घालून बोट चुकवण्यापेक्षा हे शहाणपणाचं. शिवाय 1930 पासून धावणाऱ्या त्या गाडीच्या डायनिंग कारमध्ये कटलेट खाऊन निघालेला माणूस बोटीवरच्या बुफेवर तुटून पडत नाही, हे माझं मत. असो.

आता लहान बॅग. पासपोर्ट, व्हिसा, छापलेला बोर्डिंग पास, क्रेडिट कार्ड. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी. देशातल्या देशात बोट असली तरी मूळ ओळखपत्र हवं, फोनमधला फोटो नव्हे. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतणार असाल तर व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, बघून घ्या. बोट मधे मलेशियाला, थायलंडला जाऊन येते आणि तुम्ही पुन्हा प्रवेश करता. सगळी औषधं, मूळ पट्ट्यांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि तीन दिवसांची जास्त. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. चष्मा, चार्जर, एक जोड कपडे, पोहण्याचे कपडे, शाल. पोहण्याचे कपडे यासाठी, की पहिल्या दुपारी पूल रिकामा असतो, कारण बाकीच्यांचे कपडे बॅगेत अडकलेले असतात! एवढं सगळं पाच-सहा किलोंत बसतं. पुन्हा सांगतो: संध्याकाळपर्यंत लागेल ते खांद्यावर.

फराळाचं एक महत्त्वाचं. दुबई किंवा सिंगापूरहून बोट असेल तर अनारसे नेऊ नका. त्यावर खसखस असते, आणि या दोन्ही देशांत खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात येते. ही थट्टा नाही. कोडीनचं खोकल्याचं औषधही तसंच, परवानगीशिवाय नको. आणि सुक्या खोबऱ्याची वाटी विमानात चालत नाही, कारण खोबरं आपोआप तापून पेट घेणाऱ्या मालात धरलं जातं.

बॅगेचे टॅग घरीच छापायचे असतात. त्यावर डेक आणि केबिनचा नंबर असतो. घडी घालून हँडलभोवती गुंडाळा, दोन-तीन स्टेपल मारा, वरून पारदर्शक चिकटपट्टी. विमानाचे जुने टॅग काढून टाका. आणि एक प्रत बॅगेच्या आत ठेवा, कारण बाहेरचा टॅग फाटतो.

मोठी बॅग तुमच्यापासून दुसऱ्यांदा दुरावते ती शेवटच्या रात्री. रात्री साधारण अकराच्या आत बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात, आणि सकाळी त्या थेट बंदरावर मिळतात. या रात्री लोक उत्साहाने सगळं भरून मोकळे होतात आणि सकाळी रात्रीच्या कपड्यांत उभे राहतात. सकाळचे कपडे, बूट, दाढीचं सामान, गोळ्या, पासपोर्ट आधी पलंगावर काढून ठेवा, मग चेन लावा. बॅगेला त्या रात्री रंगीत टॅग लागतो. त्याचा फोटो काढून ठेवा, कारण उतरायला रंगाप्रमाणे बोलावतात आणि बंदरावर बॅगाही रंगाप्रमाणेच मांडलेल्या असतात. जप्त केलेल्या वस्तूंची पावती पाकिटात वरच ठेवा. ते टेबल उतरण्याच्या वाटेवर असतं, आणि एकदा बाहेर पडलात की परत आत सोडत नाहीत.

काकूंना अडकित्ता मिळाला. नमस्कार.