आयर्विनला पाणी किती? : सर्वांना वापरता येईल असं संकेतस्थळ

(सांगलीत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर माझ्या नावाखाली ‘सुगम संकेतस्थळाची सात पथ्यं’ असं छापलंय. ती मी सांगणार आहे. समोर शाळांचे मुख्याध्यापक दिसताहेत, पतसंस्थांची मंडळी आहेत, आणि मागे उभी असलेली पोरं इंजिनिअरिंगची असावीत, कारण पुढे खुर्च्या रिकाम्या असूनही ती मागेच उभी आहेत. या, पुढे या. विषय तुमचाच आहे. पण पथ्यांच्या आधी मला पाण्याबद्दल बोलायचंय.

पावसाळ्यात सांगलीत माणूस भेटला की ‘बरं आहे ना’ विचारत नाही, ‘आयर्विनला किती?’ विचारतो, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आकडा ५७ च्या वर गेला, तेव्हा काय झालं ते या सभागृहात कुणी कुणाला सांगायला नको. कोयना धरणातून विसर्ग किती, खालच्या अलमट्टी धरणातून पुढे किती सोडलं, आयर्विनला तासाभरात किती इंच चढलं, यावर आपण ठरवतो की गाद्या माळ्यावर टाकायच्या, गाडी विश्रामबागेत नेऊन लावायची, की कुलूप घालून निघायचं. त्या दिवसांत आपल्याकडे यापेक्षा मोलाची माहिती नसते.

माझा मावसभाऊ इथेच सांगलीच्या गावभागात राहतो. तबला शिकवतो. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. त्याला जन्मापासून दिसत नाही. फोन मात्र तो असा वापरतो की बघत राहावं. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक म्हणून सोय असते, ती पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचते. त्यावर दादा रेल्वेचं तिकीट काढतो, विजेचं बिल भरतो आणि शिष्यांना वेळेवर न आल्याबद्दल लांबलचक मेसेज पाठवतो. २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पुन्हा चढायला लागलं. वहिनी माहेरी अडकल्या होत्या, घरात दादा एकटा. रात्री त्याचा फोन आला.

‘पाणी किती झालं रे?’

म्हटलं, ‘दादा, ग्रुपवर आलंय की आत्ताच.’

‘ग्रुपवर फोटो आलाय. तेवढंच कळतंय मला, की फोटो आलाय.’

मी तो फोटो उघडून पाहिला. सुरेख तक्ता होता. वेळ, पातळी, विसर्ग, सगळं रकान्यांत मांडलेलं. मी दादाला वाचून दाखवलं. मग त्याने विचारलं, हे जिथून येतं त्या पानावर थेट गेलो तर चालेल का? त्याला दर तासाला कुणाला तरी उठवायचं नव्हतं. मी पान शोधून दिलं. तिथे एक पीडीएफ होती. कागद छापून, त्यावर सही-शिक्का करून, तो पुन्हा स्कॅन केलेला. म्हणजे तोही फोटोच. टॉकबॅकने दादाला फाईलचं नाव वाचून दाखवलं आणि गप्प बसला. दादा रात्रभर माणसांना फोन करत राहिला. पहाटे शेजारच्यांनी त्याला गाडीत घालून वर नेलं. सुखरूप आहे तो, आज इथे पहिल्या रांगेत बसलाय.

ते पान कुणाचं होतं ते मी सांगणार नाही, कारण प्रश्न एका पानाचा नाही. मला त्या रात्रीपासून एक गोष्ट बोचते. ते आकडे कुणीतरी आधी टाईपच केले होते! अक्षरं होती ती. कुठल्याही फोनने वाचली असती, मोठी करून दाखवली असती. आपण वर आणखी कष्ट घेऊन त्यांचा फोटो केला. दादाकडे फोन होता, नेट होतं, फोन चालवायचं कसब माझ्यापेक्षा चार पावलं पुढचं होतं. कमी पडलं ते पान.

आणि हे एकट्या पुराचं नाही. हळदीचे दर बघा, फळ्याचा फोटो. निविदा, स्कॅन. शाळेची प्रवेशयादी, तिरका स्कॅन. लग्नपत्रिकेचं सोडा, ती सजवलेलीच हवी. पण पाणीपुरवठा दोन दिवस बंद राहणार ही सूचना फुलांच्या चौकटीत, भगव्यावर पिवळ्या अक्षरांत, आणि तिचाही फोटो.

ही सवय लागली कुठून? इथे डीटीपीवाले कोणी असतील तर त्यांना ठाऊक आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी जागतिक पद्धत, रुळण्याआधी मराठी फॉन्ट म्हणजे काय होतं? संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट फक्त ती मराठीसारखी काढून दाखवायचा. तो फॉन्ट समोरच्याकडे नसला की मजकुराचा चिवडा. म्हणून मंडळी म्हणायची, फोटो करून पाठव, म्हणजे हलणार नाही. तेव्हा ते शहाणपणाचं होतं. पण युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी आहे, आणि आज साध्यातला साधा फोन ती नीट दाखवतो. कारण संपलं, सवय राहिली. अजूनही जुन्या फॉन्टमध्ये टाईप करून पीडीएफ काढणारी कार्यालयं आहेत. ती पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते आणि टॉकबॅकसारख्या वाचकयंत्राला निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग. स्कॅनमधून काही ऐकूच येत नाही, इथे भलतंच ऐकू येतं.

आता थोडं ऐका. हा लॅपटॉप मी ध्वनिक्षेपकाला जोडलाय आणि पडदा बंद केलाय. यात एनव्हीडीए आहे, संगणकाच्या पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रीन रीडर. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन आणि जेम्स तेह या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं. विकतची स्क्रीन रीडर फार महाग होती, म्हणून यांनी हे मोफत ठेवलं. मराठीही वाचतं. एका संस्थेचं मुख्यपान उघडतो.

(ध्वनिक्षेपकावरून: ‘लिंक, ग्राफिक, आयएमजी दोन शून्य दोन तीन शून्य आठ... लिंक, ग्राफिक, बॅनर फायनल टू... लिंक, इथे क्लिक करा. लिंक, इथे क्लिक करा. लिंक, इथे क्लिक करा. बटन. बटन.’)

हसताय, हसा. बॅनर फायनल वन कुठे गेला हे मलाही विचारायचंय. आणि वेग मी तुमच्यासाठी कमी केलाय. दादा ऐकतो तो वेग म्हणजे दहाव्या दिवशी उशीर झाल्यावर आपण आरत्या ज्या गतीने आटोपतो, ती गती. पण ते ‘बटन, बटन’ ऐकलंत? त्यातलं एक ‘अर्ज पाठवा’ होतं आणि एक ‘अर्ज रद्द करा’. बनवणाऱ्याने नुसती चित्रं काढली, हिरवी खूण आणि लाल फुली. नावं दिली नाहीत. ज्याला दिसत नाही त्याने कुठलं दाबायचं?

कुणी म्हणेल, एवढं सगळं करायला वेळ कुठे, पैसा कुठे. हे उत्तर सिडनीनेही देऊन पाहिलं होतं. २००० च्या ऑलिंपिकच्या आधी ब्रूस मॅग्वायर या ब्रेल वाचणाऱ्या गृहस्थाने ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. संकेतस्थळावरच्या चित्रांना पर्यायी मजकूर नाही, खेळांच्या यादीपर्यंत पोचता येत नाही, निकालांचे तक्ते वाचता येत नाहीत. संयोजक म्हणाले, दुरुस्ती अवाढव्य खर्चाची आहे. आयोगाने ते मानलं नाही. दुरुस्ती पुरी झाली नाही तेव्हा वीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यायला लावली. मॅग्वायर यांना पदक नको होतं, निकाल वाचायचा होता. मी हा खटला विद्यार्थ्यांना दर वर्षी शिकवतो, कारण त्यात मागितलेलं सगळं आजही आपल्या निम्म्या पानांवर...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिलीत. बरं, पथ्यांकडे येतो, आता भरभर घ्यावी लागतील.

पहिलं झालंच, मजकूर मजकूर म्हणूनच टाका. चित्र टाकणं भागच असेल तर त्याला पर्यायी मजकूर द्या, ज्याला ऑल्ट म्हणतात. त्यात ‘पूर माहिती चित्र’ असं लिहू नका, चित्रात जे आहे ते लिहा: ‘आयर्विन पूल, सकाळी आठ, अडतीस फूट, पाणी चढतंय.’ नुसत्या शोभेच्या वेलबुट्टीचा ऑल्ट मोकळा सोडा, म्हणजे वाचकयंत्र ती ओलांडून जातं. दुसरं, शीर्षकं खरी द्या. अक्षर ठळक आणि मोठं केलं म्हणजे शीर्षक झालं नाही. कोडमध्ये एच-वन, एच-टू अशी शीर्षकाची खूण हवी. एनव्हीडीएमध्ये ‘एच’ दाबत माणूस शीर्षकावरून शीर्षकावर जातो, तुम्ही नजर फिरवता तसा. तिसरं, लिंकला आणि बटनाला अर्थाचं नाव. ‘इथे क्लिक करा’च्या जागी ‘प्रवेशअर्ज डाउनलोड करा’. अर्जातल्या प्रत्येक रकान्याला लेबल हवं, आणि चूक झाली तर नुसती लाल चौकट नको. काय चुकलं ते शब्दांत सांगा.

चौथं, माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब व एंटर दाबत तुमचा अर्ज शेवटपर्यंत भरून दाखवा. हे हात थरथरणाऱ्यांसाठी आहे, एका हाताने काम करणाऱ्यांसाठी आहे. आपण कुठे आहोत ते दाखवणारी चौकट दिसायला बरी नाही म्हणून डिझायनर काढून टाकतात. काढू नका. पाचवं, रंग. साध्या मजकुराचं पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्टचं, म्हणजे उजळ-गडद फरकाचं, गुणोत्तर निदान ४.५ ला १ हवं. नेहमीच्या फिक्या भगव्यावर पांढरी अक्षरं घातलीत तर ते दोनच्या आसपास येतं. चाळिशीचा चष्मा लागलेल्यांनाही ते वाचता येत नाही. याच पथ्यात, पान दोनशे टक्के मोठं करून बघा. ओळीची उंची पक्की बांधून ठेवली तर आपल्या वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात, खालून उकार. इंग्रजी साच्यावर बनवलेल्या पानांत हे हमखास होतं.

सहावं, पानाची भाषा जाहीर करा. कोडमध्ये एका जागी ‘एमआर’ लिहायचं असतं. तिथे इंग्रजीच राहिलं तर मराठी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हाती जातो. सातवं, व्हिडिओला खाली मजकूर द्या, आपोआप आलेला असेल तर तपासून. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी या व्याख्यानमालेचे व्हिडिओही आज बंदच आहेत. संयोजकांना मी हे आधी सांगितलंय, त्यांनी या वर्षीपासून करायचं कबूल केलंय. वाकड्यातिकड्या अक्षरांचा कॅप्चा शक्यतो टाळा, आणि अर्जाची वेळ संपत आली तर वाढवून घेण्याची सोय द्या. सविस्तर नियम डब्ल्यूसीएजी या जागतिक मार्गदर्शिकेत आहेत, २.२ ही आवृत्ती २०२३ ची. त्यातल्या तीन पातळ्यांपैकी मधली, ‘एए’, धरून चाला.

कायद्याचं दोन वाक्यांत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले आणि संकेतस्थळं त्याच्या कक्षेत आणली. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. त्या प्रकरणात अ‍ॅसिडहल्ल्यातून वाचलेल्या महिला होत्या, ज्यांना केवायसीसाठी ‘डोळे मिचकावा’ म्हटलं जायचं आणि ते त्यांना शक्य नव्हतं. पतसंस्थावाल्यांनी हा निकाल मुद्दाम वाचावा.

दुसरी चिठ्ठी आली. एकच सांगतो. अक्षरं लहान-मोठी करणारी ‘अ अ अ’ची तीन बटनं वरच्या कोपऱ्यात बसवून पान सुगम होत नाही. चाचणी करायला दिसत नसलेला माणूस बोलवा, हात चालत नसलेला बोलवा, आणि त्यांना मानधन द्या, ते कसबाचं काम आहे. दादा आणि त्याचे दोन मित्र कार्यक्रमानंतर या लॅपटॉपपाशी बसणार आहेत. आपापल्या संस्थेचा पत्ता टाईप करा आणि शेजारी उभं राहून ऐका. रांग लांबली तरी सभागृह नऊपर्यंत आपलंच आहे.