साडेसहाचा गजर, नागोया (जपान)

[दृश्य : तातामीची (गवती चटयांची) खोली, जमिनीवर दोन फुतोन (घडी घालायच्या जपानी गाद्या), बाहेर पाऊस]

गजर साडेसहाचा. रात्री साडेदहाला दिवे बंद. लॅटर-डे सेंट्स या ख्रिस्ती चर्चच्या प्रचारकांचा दिवस बहुतेक देशांत या दोन वेळांमध्ये बसवलेला असतो. लोक त्यांना मॉर्मन म्हणतात, पण 2018 पासून चर्च हे नाव टाळायला सांगतं.

खोलीतले हे दोघं त्यांतलेच. डावीकडचा मुलगा अमेरिकेतल्या यूटाहून आलाय. मुलांना 18 पूर्ण झाली की प्रचाराला जाता येतं, मुदत 24 महिने. खर्च स्वतःचा किंवा घरच्यांचा. अमेरिकेतून जाणाऱ्यासाठी ही रक्कम महिन्याला 400 डॉलर होती, 2020 मध्ये 500 झाली. या खोलीत त्याचा हा तिसरा आठवडा.

उजवीकडच्यानं उठल्या उठल्या फुतोनच्या तीन घड्या घातल्या. डावीकडच्याचा तसाच पसरलेला.

[दृश्य : फुतोनचा कोपरा उचलला जातो, चटईवर ओलसर डाग]

हे बघा. रात्रभराचा घाम गादीतून खाली उतरतो आणि चटईपाशी अडतो. जूनच्या पावसात तो वाळत नाही. आठवडाभर गादी हलली नाही, की खाली बुरशी. सकाळी अंथरुणाची वळकटी करणाऱ्या घरातल्या मुलाला हे सांगावं लागत नाही. पलंगावर वाढलेल्याला सांगावं लागतं. फुतोन उचलायचा, ऊन असेल तर कठड्यावर टाकायचा, नसेल तर निदान खुर्चीवर, म्हणजे खालून हवा लागते.

कपाटात, पांढऱ्या शर्टांच्या खाली, प्लास्टिकचा एक डबा आहे. वरच्या कप्प्यात कॅल्शियम क्लोराइडचे पांढरे खडे, खालच्यात पाणी. हे पाणी कुणी ओतलेलं नाही. खड्यांनी कपाटातली ओल ओढून घेतली आणि ते विरघळत गेले. पाणी खुणेपर्यंत चढलं की डबा बदलायचा. विसरलं तर आधी चामड्याचे बूट हिरवे पडतात, मग टाय.

[दृश्य : कचऱ्याच्या पिशव्या, जाळी, कावळा]

जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, शहरानं ठरवलेल्या पिशवीत, सकाळी आठच्या आत. वर जाळी ओढायची, नाहीतर कावळे पिशव्या फोडतात. पिशवीत बाटली निघाली तर गाडी ती उचलत नाही, चिठ्ठी चिकटवून तिथंच ठेवते. इमारतीत परदेशी दोघंच असले की पिशवी कुणाची, हे शेजाऱ्यांना विचारावं लागत नाही.

[दृश्य : छातीवरची नावाची काळी पट्टी, अगदी जवळून]

आडनाव काताकानात, म्हणजे परदेशी शब्दांसाठीच्या जपानी लिपीत. जपानीत 'ल' नाही, त्यामुळे मिलर असेल तर 'मिराऽ'. पुढे लागतं 'चोऽरोऽ'. मराठी कानाला भलतंच ऐकू येईल, पण अर्थ 'वडीलधारा'. अठरा वर्षांच्या मुलाला तसं हाक मारतात. मुलींना 'शिमाइ', म्हणजे बहीण. जोडीदार तो 'दोऽर्योऽ'. जोड्या मिशनचा, म्हणजे प्रचारकांच्या विभागाचा प्रमुख ठरवतो, आणि एकट्यानं बाहेर पडायचं नाही.

जपानी भाषेची तयारी सुमारे नऊ आठवड्यांची, त्यातला सुरुवातीचा भाग हल्ली घरूनच ऑनलाइन. या तयारीत शिकवतात ती अदबीची भाषा. रस्त्यावरची पोरं बोलतात ती वेगळीच. आणि सगळ्यात फसवा शब्द दारावर भेटतो : 'केक्कोऽ देस'. शब्दकोशात 'छान', 'उत्तम'. दारावर त्याचा अर्थ 'नको'. नवखा खूश होऊन पुस्तिका पुढे करतो, तोवर दार लागलेलं असतं.

[दृश्य : टेबलावर तीन ग्लास, तिन्हींत तपकिरी पेय]

आता हे तीन ग्लास. चर्चच्या नियमात दारू, तंबाखू, कॉफी आणि चहा वर्ज्य, हिरवा चहासुद्धा. पाहुण्यानं चहा नाकारला की यजमानाचा चेहरा कसा होतो, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. पण पहिल्या ग्लासात मुगीचा आहे, भाजलेल्या सातूचं पाणी. त्यात चहाचं पान नाही, म्हणून चालतं. दुसऱ्यात होजीचा, म्हणजे भाजलेला हिरवा चहा. तिसऱ्यात उलोंग, तोही चहाच. रंगावरून कळणं कठीण. म्हणून यजमान फ्रिज उघडायच्या आतच 'मुगीचा आहे का?' असं विचारायचं. ओतल्यावर विचारणं वाईट दिसतं.

[दृश्य : सायकली, रेनकोट, हेल्मेट]

सायकल डाव्या बाजूनं. अमेरिकन मुलाचा हात पहिले काही दिवस उजवीकडेच वळतो. छत्री धरून चालवायला बंदी, म्हणून रेनकोट. सायकल मात्र बहुधा आधीच्या प्रचारकाची असते आणि चौकटीवर चोरीप्रतिबंधक नोंदणीची पट्टी त्याच्याच नावाची. पोलिसानं अडवलं आणि नाव जुळलं नाही, की अर्धा तास चौकीत. उपाय साधा आहे : जुन्यानं जाण्याआधी नोंद रद्द करायची, नव्यानं सायकलच्या दुकानात ओळखपत्र दाखवून आपली करायची. जाणारा नेमका हेच विसरतो.

[दृश्य : फोनचा पडदा, आईचा चेहरा]

सोमवार. कपडे धुणं, बाजारहाट आणि घरी फोन. 2019 च्या फेब्रुवारीपर्यंत असा फोन वर्षातून दोनदाच असायचा, नाताळ आणि मातृदिनाला. आता दर आठवड्याला. इथं सकाळचे आठ, तिकडे यूटात रविवारचे संध्याकाळचे पाच.

काही जण मुदतीआधी परततात, तब्येतीमुळे किंवा मनाने खचून.

[दृश्य : दोन सुटकेसेस, नगर कार्यालयाची खिडकी]

दर सहा आठवड्यांनी बदल्यांचा निरोप येतो. यावेळी उजवीकडचा निघाला. जुन्या कार्यालयात पत्ता सोडल्याचा अर्ज, नव्या गावी पोचल्यावर 14 दिवसांत तिथं नोंद, आणि पत्ता रहिवासी कार्डाच्या मागे छापून घ्यायचा.

खोलीत मागे राहिलेल्यानं आज फुतोन उचललाय. घड्या मात्र दोनच, त्यामुळे कपाटाचं दार लागत नाहीये.